दुपारी ऐकलेलं इंजिन

छोटा हत्ती टेम्पोच्या हौद्यात ताडपत्री अंथरून मी आडवी झाले आहे आणि मला झोपायचं नाहीये. रागावून झोपू नये, असं आमची आई म्हणायची. राग पोटात आंबतो. पण दुपारचे दोन वाजलेत, मी पहाटे तीनपासून जागी आहे, आणि माघातलं ऊन असं तापलंय की हौद्याचा पत्रा हाताला चटका देतो. साखर कारखान्यामागचं हे मैदान. मळीचा वास सगळीकडे पसरलाय, गोड, कुजका, घशाला चिकटून राहणारा. लाउडस्पीकरवाला अकरा वाजल्यापासून सांगतोय, "प्रमुख पाहुणे थोड्याच वेळात मैदानावर पोहोचत आहेत." पाहुणे आल्याशिवाय शर्यत सुरू करायची नाही, ही आमच्याकडची रीत. पाहुण्यांना मोटरसायकलचं पुढचं चाक कुठलं हे ठाऊक नसलं तरी चालतं.

डोळे मिटले की सकाळचं भांडण वर येतं, करपट ढेकरेसारखं.

मी इंदुमती लोहार. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. शाळा आठवीत सुटली. इंजिन मी कानानं शिकले. आज माझी भाची समिधा हिची अंतिम फेरी आहे, मातीच्या ट्रॅकवर, टू-स्ट्रोक गाड्यांच्या गटात. तिच्या बापाच्याच जातीची गाडी, पण तिला पुण्याच्या पराग नावाच्या इंजिनीअरनं एक काळी पेटी बसवली होती. काड्यापेट्यांच्या पुड्याएवढी. हवा गार झाली की पेटी आपणहून पेट्रोल वाढवते, तापली की कमी करते. मागचं चाक घसरायला लागलं की ती क्षणभर इंजिनाची ठिणगी तोडते आणि चाक जागेवर येतं. गाडीवरच्या माणसानं फक्त बसून राहायचं.

सकाळी सरावाच्या फेरीत अकरा गाड्या पाहिल्या. अकराच्या अकरा पेटीवाल्या. प्रार्थनेला निघालेल्या शाळेच्या रांगेसारख्या एकामागून एक गेल्या. कुणी घसरलं नाही, कुणी कुणाला ओलांडलं नाही, वळणावर कुणाचा गुडघा मातीला लागला नाही. दोरीला उभे असलेले लोक ट्रॅककडे पाठ करून मोबाइलमध्ये आकडे बघत होते. माझ्या तोंडाला खरंच कडू पाणी सुटलं.

"ही शर्यत आहे का वरात?" मी म्हणाले. "वरातीत निदान घोडा तरी बुजतो."

"आत्या, सगळ्यांनी लावलीये," समिधा म्हणाली.

"काढ ती. मी माझा कार्बोरेटर लावते."

समिधानं गॉगल कपाळावर चढवला. सव्वीस वर्षांची आहे. नाक बापाचं, बोलणं माझं.

"आत्या, तुला मी जिंकायला हवीये, का तुला आवाज हवाय?"

मी पाना उचलला. साडेबाराला पेटी काढून परागच्या हातात दिली, कार्बोरेटर बसवला, त्यात जेट घातलं. जेट म्हणजे मण्याएवढं पितळ, त्याला सुईसारखं भोक. त्यातून पेट्रोल जातं. मग प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली. आमच्यात असंच ऐकतात, डॉक्टर छाती ऐकतो तसं. इंजिन खणखणीत बोललं.  समिधा जाऊन लिंबाखाली परागशेजारी बसली.

"प्रमुख पाहुणे थोड्याच वेळात..."

थोड्याच वेळात लांबतंय. थोड्याच वे... सायकलच्या पंपातून हवा जावी तसा तो आवाज बारीक होत जातो. ताडपत्रीची घडी गालाला टोचते. हौद्याच्या पत्र्यावर कुणी तरी बोटाच्या पेरानं टकटक करतं. दोन आखूड, एक लांब.

"इंदे, सरक की."

मी सरकते. दौलतदादा हौद्यावर चढून माझ्या पायाशी बसतो.

दादा एकोणतीस वर्षांचा आहे. मी बावन्न. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा भाऊ माझ्यासमोर बसलाय आणि त्याच्या मिशा अजून नीट दाट झालेल्या नाहीत. अंगात तेच लाल रेक्झिनचं जॅकेट. रिक्षाच्या सीटा शिवणाऱ्या माणसाकडून शिवून घेतलेलं, म्हणून पाठीवर सीटसारख्या उभ्या शिवणी आहेत. त्याच्याबरोबर एरंडेलाचा वास येतो. त्या काळी शर्यतीच्या गाडीत पेट्रोलमध्ये एरंडेल मिसळत. लहानपणी ज्या तेलानं आमच्या पोटातलं सगळं बाहेर काढलं, तेच जळताना इतकं छान कसं वाटायचं, कोण जाणे.

दादा कागदातलं भडंग खातोय. बोटं काळीकुट्ट.

"शी! हात धुऊन खा की रे."

"आता काय हुणार हाय मला?" तो म्हणतो आणि एक शेंगदाणा वर उडवून तोंडात झेलतो.

हे मला मान्य करावं लागतं.

"म्हातारी झालीस गं," तो म्हणतो. "चष्मा कधी लागला?"

"तुझी पोरगी दहावीला गेली तेव्हा."

"कशी हाय?"

"माझ्याशी बोलत नाहीये."

"का?"

मी सगळं सांगते. पेटी, अकरा गाड्या, प्रार्थनेची रांग. सांगताना मी हात उडवते, थुंकल्यासारखं करते, आणि माझ्या लक्षात येतं की आम्ही गॅरेजात बसलोय. ताडपत्री नाही, उद्यमनगरातल्या जुन्या गॅरेजची तेलकट फरशी आहे. भिंतीवर पाने टांगलेत, मोठ्यापासून लहानापर्यंत. मधल्या एका खिळ्यावर काही नाही.

"किळस आलीय मला दादा. शर्यतीत माणूसच उरला नाही. ज्याचा संगणक भारी त्याची गाडी पुढे. मग संगणकच सोडा की मैदानात, चाकं लावून."

"दाखीव," दादा म्हणतो आणि भडंगाचा कागद चुरगळून खिशात घालतो. "माझ्यामागं काय काय झालं ते बघू तरी."

गॅरेजचं शटर मी वर करते आणि बाहेर मॉल आहे. गार हवा, पॉपकॉर्नचा वास. एका काचेच्या खोलीत नुसती सीट ठेवलेली, पुढे स्टिअरिंग, पुढे मोठा पडदा. सीटवर टाय लावलेला एक गृहस्थ बसलाय. त्याच्या तोंडासमोर टेबल-फॅन लावलाय, वारा लागावा म्हणून.

"ही शर्यत?" दादा विचारतो.

"ही पण."

पडद्यावरची गाडी कठड्याला धडकते. चार पलट्या खाते. आग लागते. दादा पुढे धावतो आणि काचेवर दोन्ही हात टेकवतो. काळी बोटं काचेवर उमटतात. गृहस्थ टाय सैल करतो, एक बटण दाबतो. गाडी पुन्हा अख्खी, चकचकीत, सुरुवातीच्या रेषेवर.

दादा माझ्याकडे बघतो.

"मेला हुता की ह्यो."

"पुन्हा सुरू झाला."

"कितींदा हुतं असं?"

"हवं तितक्यांदा."

तो बराच वेळ त्या बटणाकडे बघत राहतो.

"मला न्हाई कुणी सांगितलं," तो म्हणतो, "असं बटण असतंय म्हणून."

मला त्याचा हात धरायचा आहे, पण माझ्या हातात न्हाव्याचा पांढरा कपडा आहे. आम्ही केस कापायच्या दुकानात शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसलोय, गळ्याला कपडे बांधून. न्हावी नाही. वर कोपऱ्यात टीव्ही चालू आहे. टीव्हीवर त्या चपट्या, उघड्या चाकांच्या गाड्या पळतायत, परदेशातल्या, ज्यांचं एक चाक आमच्या आख्ख्या गल्लीच्या गाड्यांना भारी पडेल.

"हे बरं दिसतंय," दादा म्हणतो.

"थांब जरा."

गाडीवाला सुसाट चाललाय. त्याच्या कानात एक आवाज बोलतो, शांत, बँकेतल्या माणसासारखा.

"कोण बोलतंय त्याच्याशी?"

"ऑफिसातून बोलतात. पन्नास माणसं संगणकापुढे बसलेली असतात. टायर जपून वापर, आता वेग कमी कर, मागच्याला पुढे जाऊ दे, असं सांगतात."

"मागच्याला फुडं जाऊ दे?"

"हो."

"आणि ह्यो जाऊ देतो?"

पडद्यावरची गाडी अदबीनं बाजूला होते. मागची पुढे जाते. दादा पचकन थुंकतो, मग न्हाव्याचं दुकान आहे हे आठवून गळ्याच्या कपड्यानं फरशी पुसतो.

"बघितलंस?" मला बरं वाटायला लागलंय. किळसेला जोडीदार मिळाला की ती जवळजवळ गोड लागते. "आणि विजेच्या गाड्यांची पण शर्यत असते. मिक्सरमध्ये चटणी फिरवल्यासारखा आवाज. तेवढाच."

"ते बरं की. आईची झोपमोड हुणार न्हाई."

"दादा, तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

तो आरशात बघून मिशी सारखी करतो. आरशात तो एकटाच आहे; मी दिसत नाही. हे उलटं झालंय असं मला वाटतं.

"कानात बोलणाऱ्याचं कौतुक न्हाई मला," तो म्हणतो. "माझ्याबी कानात कोण तरी हुतंच की. तू."

"मी तुला कधी हळू जा म्हणाले नाही."

"न्हाई म्हणालीस," दादा म्हणतो. "खरं हाय."

आरशात मागे धूळ दिसते. मी मान वळवते. खुर्ची नाही, दुकान नाही. हेच मैदान आहे, कारखान्यामागचं, पण लिंबाचं झाड माझ्या खांद्याएवढंच आहे. पंचवीस वर्षांपूर्वीचा मांडव. व्यासपीठावर प्रमुख पाहुणे बसलेत, त्यांच्या गळ्यात इतके हार आहेत की तोंड दिसत नाही. कुणी तरी नारळ देतंय, कुणी शाल पांघरतंय, पुन्हा नारळ. दादा गाडीवर बसलाय. इंजिन चालू आहे. तो माझ्यापुढे एक स्क्रूड्रायव्हर धरतो.

हातभर लांब, लाकडी मुठीचा. मुठीच्या टोकाला लोखंडी कडी, एका जागी नखाएवढी तुटलेली. हा ऐकायचा स्क्रूड्रायव्हर. माझ्या तरुणपणी रोज संध्याकाळी माझ्या कानावर या कडीचा काळा ठसा असायचा, एका जागी तुटका. आई रॉकेलच्या बोळ्यानं पुसायची आणि म्हणायची, असा कान घेऊन कोण करणार तुला?

"हा मी रंकाळ्यात फेकला होता," मी म्हणते.

"गाळात रुतलेला. काढला."

"मला नको."

"ऐक की. तुझंच काम हाय ते."

मी टोक इंजिनाला लावते. मूठ कानाला. कडी गार लागते. आत, लाकडातून, दादाचं इंजिन बोलतं: खणखणीत, कोरडं, काशाच्या ताटावर चमचा मारल्यासारखं. अंगावर काटा येतो. इतकं सुंदर इंजिन मी त्याच्या आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"सांग," दादा म्हणतो.

"खणखणीत आहे."

"आणि?"

"आणि काही नाही."

"इंदे."

व्यासपीठावर पुन्हा एक नारळ. आता सांगितल्याशिवाय हा मला सोडणार नाही, हे मला कळतं. मेलेल्या माणसांना वेळच वेळ असतो.

"मी दुपारी एकला ऐकलं होतं," मी म्हणते. "उन्हात. हवा पातळ होती, तेवढ्या हवेला तेवढं पेट्रोल पुरत होतं. शर्यत दोनला होती. पाहुणे साडेपाचला आले. सहाला निशाण पडलं. तोवर गारठा पडला होता, हवा दाट झालेली. दाट हवेला पेट्रोल जास्त लागतं. मोठ्या भोकाचं जेट घालायला हवं होतं."

"मग?"

"ते माझ्या खिशात होतं. काड्यापेटीत. दहा मिनिटांचं काम."

"मग?"

"तू रेषेवर गाडी चालू केलीस आणि सगळ्या मैदानानं मान वळवली. त्या आवाजाकडे. कोरडा पडला होता, म्हणूनच तो तसा वाजत होता. मला कळत होतं. मोठं जेट घातलं असतं तर आवाज भिजला असता. मला... मला तो भिजवायचा नव्हता." मी मूठ कानावर घट्ट दाबते. "मला थंडी वाजत होती, दादा. मी स्वेटर घातला. स्वतःला घातला."

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, वहिनीला नाही. तिसऱ्या फेरीत बाभळीच्या वळणावर इंजिन तापून जागीच जाम झालं, मागचं चाक अडकलं, आणि लोक म्हणाले, नशीब. मी मान हलवली. नशीब.

मला स्वतःची किळस येते. मघाची ती चवदार किळस नव्हे. ही तेलाच्या पिंपाच्या तळाशी बसलेल्या गाळासारखी, हात घातला की कोपरापर्यंत येणारी.

दादा इंजिन बंद करतो. मैदान गप्प. व्यासपीठावरचा नारळ देणारा हातसुद्धा थांबतो.

"टू-स्ट्रोक पळवताना डावी दोन बोटं कुठं ठेवायची?" तो विचारतो.

"क्लचवर."

"का?"

"इंजिन जाम झालं तर लगेच क्लच दाबायचा. चाक मोकळं होतं."

"कुणी शिकवलं तुला?"

"तू."

"मग माझी दोन बोटं कुठं हुती?"

"मला आठवत नाही."

"इंदे, तू बाभळीच्या वळणालाच उभी हुतीस."

मी बाभळीच्या वळणाला उभी आहे. दोरी पोटाशी. धूळ. दादा येतोय, लाल जॅकेट, गाडी तिरकी, मागचं चाक माती उडवत बाहेर निघालेलं, आणि मी किंचाळतेय, अजून वाकव, अजून. त्याच्या मागे वीस हातांवर दुसरा. आणि दादाचा डावा हात...

"हवेत," मी म्हणते.

"काय करत हुता हवेत?"

"मागच्याला अंगठा दाखवत होता."

दादा मान खाली घालतो. त्याचे कान लाल झालेत.

"शी!" मी म्हणते. "शी, दादा! पंचवीस वर्षं मी तुझ्या फोटोला हार घालतेय. दर अमावास्येला काच पुसते. आणि तू भर शर्यतीत अंगठा दाखवत होतास?"

"लई फुडं हुतो गं मी."

"माकड!"

"व्हय."

मला हसू येतं आणि ते मध्येच फुटतं. दादा त्याच्या काळ्या बोटांनी माझा चष्मा काढतो, जॅकेटला पुसतो, जास्तच तेलकट करतो आणि परत लावतो.

"मग दोघांनी मिळून झालं म्हणायचं," मी म्हणते.

"मिळून केल्याबिगर आपण काय केलंय कधी?"

स्वप्नातला माणूस आपल्या सोयीचं बोलतो, हे मला झोपेतही कळतं. मी तसं त्याला म्हणते.

"तर तर," दादा म्हणतो. "सोयीचं तर सोयीचं. पण अंगठा तू बघितलायस. ते काय मी आज आणून दिलं न्हाई."

तो गाडीला किक मारायला पाय उचलतो, मग ठेवतो.

"ती पेटी वाईटच," तो म्हणतो. "चाक घसरू देत न्हाई म्हंजे काय? मलाबी वंगाळ वाटलं ऐकून. पण इंदे, पोरगी पडायची असली तर आपल्या अंगठ्यानं पडू दे. तुझ्या कानानं कशाला?"

मला यावर बोलायचं आहे, पण तो बोट जिभेला लावून ओलं करतो आणि हवेत धरतो. लहानपणी पतंग उडवताना धरायचा तसं.

"गार झाली हवा," तो म्हणतो. "स्वेटर आणलायस न्हवं?"

"पिशवीत आहे."

"घाल."

मी स्वेटर डोक्यातून घालते. गळा लहान आहे. डोकं अडकतं. लोकरीत अंधार, लोकरीत एरंडेलाचा वास. बाहेरून दादा पत्र्यावर टकटक करतो. दोन आखूड. मी लांब टकटकीची वाट बघते. हात कसेही फिरवते, गळा ओढते, ओढते...

आणि ताडपत्री माझ्या तोंडावर आहे. मी ती ओढून बाजूला करते.

ऊन तिरकं झालंय. हौद्याचा पत्रा गार पडलाय. माझ्या दंडावरची लव उभी आहे. घड्याळात सव्वापाच.

"...आपले लाडके प्रमुख पाहुणे आता व्यासपीठावर स्थानापन्न होत आहेत," लाउडस्पीकरवाला आनंदानं ओरडतोय, "सत्कारानंतर लगेच टू-स्ट्रोक गटाची अंतिम फेरी..."

मी हौद्यातून उडी मारते. बावन्नाव्या वर्षी मारू नये तशी. गुडघा खरचटतो. अनवाणीच पळते.

समिधा गाडीपाशी आहे. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावलेली, हेल्मेट टाकीवर. पराग बाजूला मोबाइल बघत उभा आहे, माझ्याकडे बघायचं टाळत. ती किक मारते आणि माझा कार्बोरेटर बोलतो. खणखणीत. कोरडा. काशाच्या ताटासारखा. दोरीवरचे लोक मोबाइलमधून डोकी वर काढतात.

"बंद कर," मी ओरडते.

"आत्या?"

"बंद कर आधी!"

ती बंद करते. मला धाप लागलीय.

"समे, पेटी परत लाव."

परागची मान वर येते. समिधा माझ्या अनवाणी पायांकडे बघते, मग तोंडाकडे.

"सकाळी म्हणालीस काढ. आता म्हणतेस लाव. तुला काय झालंय?"

व्यासपीठावर पहिला नारळ दिला जातो. एकूण अकरा सत्कार आहेत. सकाळपासून तीच यादी वाचतायत. अकरा सत्कारांना पाऊण तास. पेटी बसवायला चाळीस मिनिटं. मला पाच मिनिटं मिळतात.

"तुझ्या बापाची गाडी मी दुपारी ऐकली होती," मी म्हणते. "उन्हात. तो पळाला गारठ्यात. मोठं जेट माझ्या खिशात होतं आणि मी घातलं नाही. आवाज बिघडेल म्हणून. इंजिन त्यानं जाम झालं. नशिबानं नाही. आज पुन्हा मी दुपारीच ऐकलंय."

 पराग दोन पावलं मागे सरकतो, लिंबाच्या खोडाला टेकून उभा राहतो. शहाणा माणूस आहे, मी उगाच राग धरला.

"तू मला कधीच..." समिधा म्हणते.

"नाही सांगितलं. सकाळी विचारलंस ना, आवाज हवाय का म्हणून. तुझ्या बापाच्या वेळीही हवा होता, आजही. म्हणून."

 ती ग्लोव्हजनं नाक पुसते. मला वाटतं आता ती हेल्मेट माझ्या अंगावर फेकेल. फेकलं तर मी झेलणार नाही.

"आणि बाबांनी क्लच दाबला नाही?" ती शेवटी विचारते. मिस्त्रीचीच पोर, चूक शोधत पुढच्या नटाकडे जाणारी.

"हात हवेत होता. मागच्याला अंगठा दाखवत होता."

"काय?"

"अंगठा. असा."

मी करून दाखवते. समिधा माझ्या अंगठ्याकडे बघत राहते. तिच्या तोंडून एक विचित्र आवाज निघतो, अर्धा हसण्याचा.

"शी!" ती म्हणते.

"मी पण हेच म्हणाले."

"कधी?"

मी वाकून पाना तिच्याकडे सरकवते. पराग पेटी घेऊन येतो. समिधा पाना उचलते, गुडघ्यावर बसते आणि माझा कार्बोरेटर सोडवायला लागते. तिसरा नारळ.

"चाक घसरू न देणारा भाग बंद ठेवता येतो," पराग जपून म्हणतो. "फक्त हवा मोजेल मग. काय करू, आत्या?"

"मला विचारू नकोस. तिचं चाक आहे."

समिधा वर न बघता म्हणते, "हवा मोजू दे. चाक मी बघते." मग थोड्या वेळानं, "आणि दोन बोटं क्लचवर. ठाऊक आहे. बोलू नकोस."

मी बोलत नाही. पिशवीतून स्वेटर काढते, डोक्यात घालते. गळा लहान नाही. डोकं सहज बाहेर येतं. समिधा शेवटचा नट आवळते, उठते, हात पुसता पुसता माझ्याकडे बघते आणि थांबते.

"आत्या, कानाला काय लावून घेतलंस?"

"कुठे?"

"उजव्या. काळं."

मी बोट लावते. बोट काळं होऊन येतं, चिकट. वास घेते. मळीचा वास सगळीकडे आहेच, पण हा तो नाही. मैदानावर आज एरंडेल कुणाच्याही गाडीत नाही. गेली पंधरा वर्षं ते दुकानात मागितलं तर पोट साफ होत नाही का विचारतात.

"थांब, पुसते," समिधा म्हणते. पेट्रोलचा बोळा घेऊन ती माझी मान वाकडी करते आणि आमच्या आईसारखी खसाखसा घासते. जात नाही. मग ती मोबाइलनं फोटो काढून माझ्यासमोर धरते.

प्लॅस्टिकच्या मुठीला कडी नसते. माझ्या कानावर कडीचा ठसा आहे, गोल, स्वच्छ उठलेला. वरच्या बाजूला नखाएवढी जागा कोरी आहे.